तुमच्या त्या 'बरं'ला उत्तर

डोंबिवली,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. चिमीचा खोकला गेला, तुमच्या सुनेची पाठ आता दुखत नाही, मी वेळेवर जेवतो.

परवा ताईने तुम्हाला माझ्या नव्या कॉम्प्युटरचं सांगितलं आणि त्यानंतर बाबा, तुम्ही फोनवर नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते 'बरं' मी ओळखतो. दहावीच्या गणिताच्या मार्कांना तेच मिळालं होतं. त्याला फोनवर उत्तर देता येत नाही, कारण मी बोलायला लागलो की तुम्ही "जेवलास का" विचारून विषय संपवता. म्हणून हे पत्र. ज्या कॉम्प्युटरवरून हे सगळं झालं त्याच्यावरच टाइप करतोय. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय, म्हणजे ऑपरेशन झालेल्या डोळ्याने वाचता येईल. तरीही एका दमात वाचू नका. बाकीचं आई वाचून दाखवेल.

तर आधी कबुली. प्लेस्टेशन विकला. टीव्हीला लावून गेम खेळायचं ते यंत्र, तुम्हाला न विचारता विकला. आणि त्याच्या जागी स्वतः भाग आणून कॉम्प्युटर जोडला. ताई म्हणाली तसे "लाखभर" नाही घातले. हिशेब खाली देतो, वीज बोर्डाच्या माणसाला हिशेबाशिवाय काही पटत नाही हे मला माहीत आहे. (२००५ साली बोर्डाच्या कंपन्या झाल्या, महावितरण झालं, पण आपल्या घरात अजून बोर्डच आहे.)

तो प्लेस्टेशन कसा आला हे मी विसरलेलो नाही. नोटबंदीतला तो डिसेंबर, माझा प्लास्टर, आणि तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा दुकानात कार्ड घासलंत. आई, थकबाकीच्या त्या पैशांतून तुझी घरघंटी यायची होती. ती पुढे दोन वर्षं लांबली आणि तू एकदाही बोलली नाहीस. फक्त एवढंच म्हणालीस, पहिल्या उन्हाळ्यात त्याचा पंखा घरघरायला लागला तेव्हा, की "घरघंटी नको म्हणालात, शेवटी तीच आणलीत की." मी त्या दिवशी हसलो. आता आठवलं की तेवढं हसू येत नाही.

विकायचं कारण असं की गेली दोन वर्षं त्याची दशा झाली होती. आत जुन्या पद्धतीची फिरती हार्डडिस्क, एक गेम उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. नवे गेम त्याच्यासाठी निघणं जवळजवळ बंद झालं. पंख्याचा आवाज इतका की चिमी झोपली की लावताच यायचा नाही. मागच्या महिन्यात साफ करायला उघडला तर आत... आई, हे वाचू नकोस. झुरळं निघाली. यंत्राच्या ऊबेला येऊन राहतात, पुष्कळांच्या घरी होतं. तुझ्या सुनेची काही चूक नाही, घर स्वच्छ असतं, आणि त्याच आठवड्यात पेस्ट कंट्रोल करून घेतलं. तू येशील तोवर वाससुद्धा राहणार नाही.

साफ केला, आतल्या चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, आणि ठाकुर्लीच्या एका कॉलेजच्या मुलाला सगळं खरं सांगून साडेसात हजारांना दिला. तो दुसरा कंट्रोलर पण मागत होता, आठ हजार देतो म्हणाला. मी दिला नाही. बाबा, ज्याच्या डाव्या बाजूचं रबर तुमच्या अंगठ्याने झिजलंय तोच. रात्रपाळी करून आल्यावर माझ्या पलंगाच्या कडेला बसून तुम्ही गाडी चालवायचात आणि प्रत्येक वळणावर स्वतःच कलायचात, तो. वायर लावली की तो या कॉम्प्युटरलाही चालतो. मी आधी तपासून बघितलं, मग प्लेस्टेशन विकला.

आता तुम्ही म्हणाल, नवा प्लेस्टेशनच का नाही घेतला. त्याची किंमत ५४,९९० रुपये. त्यावर नवा मोठा गेम पाच-पाच हजारांना, आणि इतरांबरोबर ऑनलाइन खेळायचं तर बहुतेक गेमना वर्षाची वर्गणी वेगळी. कॉम्प्युटरवर ती वर्गणी नाही, जुने चांगले गेम सेलमध्ये तीन-चारशेला मिळतात आणि काही तर फुकटही देतात. शिवाय यातला एखादा भाग गेला तर तेवढाच बदलायचा. तुम्ही मिक्सरचं करता तसं.

लॅमिंग्टन रोडला गेलो होतो, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. पाच दुकानं फिरलो. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, रायझेन ५ ५६००, ९,८००. मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात तो, ६,२००. रॅम १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या, ३,१००. एक टीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी झटपट डिस्क, ५,१००. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरची चित्रं तयार करणारा भाग, आरएक्स ६६००, १९,९००, सगळ्यात महाग तेच. पॉवर सप्लाय ५५० वॉटचा, ३,९००. कॅबिनेट २,९००. एकूण ५०,९००, त्यातून प्लेस्टेशनचे साडेसात वजा. म्हणजे ४३,४००. स्क्रीन घेतला नाही, हॉलमधला टीव्हीच वापरतो. विंडोजचे पैसेही वाचवले, त्याच्या जागी लिनक्स टाकलं, ते फुकट असतं. त्यावर काही गेम चालत नाहीत, पण मला हवेत ते चालतात.

जुनं ग्राफिक्स कार्ड सहा हजारांनी स्वस्त मिळत होतं. दुकानदार फार गोड बोलत होता. पण २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमावणं, बंद झालं तेव्हा दिवसरात्र तापवलेली पुष्कळ कार्डं बाजारात आली, आणि कुठलं तसलं हे वरून कळत नाही. मला तुमच्या रिवाइंड केलेल्या मोटरी आठवल्या. नवीन घेतलं, तीन वर्षांच्या वॉरंटीसकट. पॉवर सप्लायलाही कंजुषी केली नाही. दुकानदार म्हणत होता बाराशेवाला चालेल. म्हटलं, माझ्या वडिलांनी ऐकलं तर मला घरात घेणार नाहीत.

विजेचं तुम्ही विचारणारच. कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर ६५, बाकी पंखे वगैरे धरून गेम चालू असताना २५० धरा. आठवड्याला दहा तास. म्हणजे अडीच युनिट, महिन्याला अकराच्या आत. गिझर दोन हजार वॉटचा, रोज अर्धा तास धरला तरी तीस युनिट होतात. तेव्हा बिलाची काळजी करायची तर गिझरची करा. आई, हे तुझ्यासाठी नाही, तू आलीस की हवं तेवढं गरम पाणी घे.

जोडायला शनिवारची रात्र लागली. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात, लागोपाठ नाही, एवढं वाचून ठेवलं होतं. सगळं बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरले, दिवे लागले, आणि टीव्ही काळा. एक वाजला. दीड वाजला. रॅम काढून घातली, कार्ड काढून घातलं. पन्नास हजार पाण्यात गेले असं वाटून घाम फुटला. मग तुमचं आठवलं, "आधी सप्लाय बघ, मग यंत्राला शिव्या दे." बघितलं तर प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर असते वरच्या कोपऱ्यात, ती मी लावलीच नव्हती. लावली आणि लागला. तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला. पण पावणेदोनला फोन वाजला असता तर आई देवासमोरच जाऊन बसली असती.

दुसऱ्या दिवशी आणखी एक. फरशीवर अनवाणी उभा राहून कॅबिनेटला हात लावला तर बारीक चुणचुण. चिमी जवळच खेळत होती, तिला आधी उचलून आत नेलं. सोसायटीच्या वायरमनकडून टेस्ट लॅम्प आणला. फेज आणि न्यूट्रलमध्ये लख्ख लागला. फेज आणि अर्थिंगमध्ये नाहीच, म्हणजे अर्थिंगच नव्हतं. तुम्हाला माहीत आहे, या सप्लायच्या आत लाइनवरून बॉडीला छोटे कपॅसिटर असतात, अर्थिंग नसलं की बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहते. करंट अगदी किरकोळ, पण लहान पोर घरात. स्विचबोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर मागे दुमडून टेप मारून ठेवलेली. सहा वर्षं आम्ही त्याच पॉइंटवर टीव्ही चालवतोय. चारशे रुपयांत दुरुस्त झालं. फ्रीज आणि वॉशिंग मशीनचे पॉइंटही तपासून घेतले, ठीक आहेत. आता चुणचुण नाही.

आई, तुझ्या मालिकांचं काहीही बिघडलेलं नाही. कॉम्प्युटरची वायर दुसऱ्या भोकात आहे, सेट टॉप बॉक्स पहिल्याच, रिमोट तोच. तू असशील तेव्हा साडेसात ते दहा टीव्ही तुझा. आणि आवाज काहीच नाही, बाबा हॉलमध्ये झोपले तरी कळणार नाही. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा लावलाय, तुझ्या गुडघ्याच्या उंचीने नाही, हाताच्या. बाबांसाठी दिवाणावर जाड गादी केलीय.

मी लिहिणार होतो की हा कॉम्प्युटर कामासाठी घेतला. तेही खोटं नाही. एका इंटिरियरवाल्यांना संध्याकाळी ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये खोल्यांची चित्रं करून देतो, दोन कामांचे चार हजार आलेत. चिमीला अभ्यासाला होईल, असंही लिहिणार होतो. ती चार वर्षांची आहे. खरं सांगू? खेळायला घेतला. रात्री साडेदहानंतर तासभर मी कुणाचा साहेब नसतो, कुणाचा नोकर नसतो. ज्या मित्राने प्लास्टरमध्ये मला वह्या आणून दिल्या तो आता बंगळुरूला असतो, आम्ही त्या तासात खेळतो आणि खेळापेक्षा जास्त बोलतो. एकतिसाव्या वर्षी बापाला हे सांगताना लाज वाटते, म्हणून आधी सांगितलं नाही. तुम्हाला दुखवायचं नव्हतं.

आणि पत्रा. मला माहीत आहे, 'बरं'च्या मागे तोच होता. दिवाळीत तुम्ही स्वयंपाकघरावरच्या पत्र्याचं काढलंत आणि मी "जरा हात आखडता आहे, थांबू" म्हटलं. तेव्हा तो खरंच आखडता होता, चिमीच्या शाळेची फी होती. पण नंतर सैल झाला तेव्हा मी आधी लॅमिंग्टन रोडला गेलो, हेही खरं. माझी आरडी एप्रिलमध्ये मोकळी होते, त्यातले पस्तीस हजार पत्र्याचेच. त्यांना हात लावलेला नाही, लावणारही नाही. मे महिन्यात मी चार दिवस येतो आणि पाऊस लागायच्या आत, स्वतः उभा राहून करून घेतो. तोवर बाबा, तुम्ही वर चढायचं नाही. एम-सीलची नळी घेऊन तर अजिबात नाही. शेजारच्यांच्या मोटरचा स्टार्टर बघायलाही नाही. त्यांना म्हणावं, वायरमन रिटायर झालाय.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी रजा टाकलीय. त्याआधी शुगर तपासून घ्या, प्रेशरची गोळी सकाळचीच सकाळी, "दुपारी घेतली तरी चालते" हे तुम्हाला कुठल्या डॉक्टरने सांगितलं? आई, तू त्यांच्यासमोर उभी राहून गिळायला लाव, आणि स्वतः गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवू नको, गुडघ्याला लाव. रात्री दुधाला जाऊ नका, रस्ता उकरून ठेवलाय असं ताई म्हणाली.

डोळा बरा झाला की इकडे या, महिनाभर. एसटीने नाही, कोयनेने या. खिडकीच्या दोन जागा मी काढतो, कल्याणला घ्यायला येतो. उतरताना घाई करू नका, मी डब्यात चढून सामान घेईन.

चिमीने तुमचा कंट्रोलर ताब्यात घेतलाय. गाडी सारखी उलटीच नेते आणि आपण पहिले आलो म्हणते. वळणावर ती पण अख्खी कलते.

तुमचा,
बाळ्या

ता. क. बाबा, येताना तुमचा टेस्ट लॅम्प आणा, तो पिवळ्या होल्डरचा. सोसायटीवाल्याचा परत द्यावा लागला. आणि आई, शेंगदाण्याची चटणी एकच डबा. मागच्या वेळी पिशवीचा बंद तुटला होता.