विल्यम्सबर्गच्या बंदुका खऱ्याच आहेत

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या विल्यम्सबर्गवरचा प्रवासलेख वाचला. लेख छान आहे, फोटोही चांगले. पण तिथल्या बंदूक घडवणाऱ्यांच्या दुकानाबद्दल लेखिका म्हणतात की, जुन्या काळचे कपडे घातलेले कलाकार पर्यटकांसमोर बंदुका बनवण्याचा अभिनय करतात. हे साफ चूक आहे. मुलगी तिथून जवळच रिचमंड शहरात असते, त्यामुळे माझं तिथे जाणं होतं. सगळी नोकरी चिंचवडच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या विभागात, झाली, त्यामुळे त्या दुकानातून मी लवकर बाहेर पडत नाही. घरच्यांची त्याबद्दल तक्रार आहे.

ते लोक नट नाहीत. उस्तादाच्या हाताखाली काही वर्षं उमेदवारी करून तयार झालेले कारागीर आहेत. कपडे अठराव्या शतकातले, कारण गावच त्या काळातलं राखलंय. १७८० पर्यंत ते व्हर्जिनियाचं राजधानीचं गाव होतं. पण भट्टी पेटलेली असते ती दाखवायला नव्हे. लोखंडाची लांब पट्टी तापवून मँड्रेलभोवती, म्हणजे एका गोल गजाभोवती, वळवतात आणि तिच्या कडा एकमेकींवर ठोकून सांधतात. एका तापात जेमतेम दोन-तीन इंच सांधलं जातं. ताप कमी पडला तर सांधा धरत नाही, जास्त झाला तर लोखंड जळतं. आजचं माइल्ड स्टील या कामाला नीट वठत नाही. रॉट आयर्न, म्हणजे जुन्या पद्धतीचं घडीव लोखंड, लागतं आणि ते आता कारखान्यात होत नाही, म्हणून जुनं शोधून आणावं लागतं.

नळी झाली की आतून रीमर, म्हणजे भोक तासून गुळगुळीत करणारं हत्यार, फिरवायचा, तोही हातानेच. सरळ झाली की नाही हे बघायला आतून दोरा ताणून धरतात आणि डोळा लावून दोरा कुठे भिंतीला टेकतो ते बघतात. मग आटे पाडायचे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या पिळाच्या खाचा नळीत कापायच्या. त्यासाठी एक लांब लाकडी बाक असतो, त्यावर नागमोडी खाचा कोरलेला ओंडका. तो ओढला की स्वतःभोवती फिरत येतो आणि गजाच्या टोकाला बसवलेलं छोटं पातं नळीत तसाच पीळ कापत जातं. एका फेरीत कापलं जातं ते जवळपास काहीच नाही. पातं किंचित वर उचलायला त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवतात. आम्ही टूलरूममध्ये पितळेची फॉइल लावायचो, ते कागद लावतात, हिशेब तोच. एकेका आट्याला असंख्य फेऱ्या, आणि असे सात-आठ आटे.

कळ, म्हणजे ठिणगी पाडून बार पेटवणारी यंत्रणा, तर त्याहून अवघड. चकमकीचा दगड ज्या पोलादी पाटीवर आपटतो तिला पाणी नीट दिलं नाही, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केली नाही, तर ठिणगीच पडत नाही, आणि ठिणगी नाही तर रंजक, म्हणजे बार पेटवणारी चिमूटभर दारू, पेटत नाही. मुख्य स्प्रिंगचं पाणी कडक राहिलं तर ती तुटते, मऊ पडलं तर चकमकीचा दगड धरणारा घोडा जोरात पडत नाही. सगळं मिळून एका रायफलीला ३०० ते ४०० तास सहज जातात. अशी रायफल बार भरून उडवता येते. याला अभिनय म्हणायचं?

साठच्या दशकात वॉलेस गस्लर तिथे उस्ताद होते. हौसेने चकमकीच्या रायफली बनवणारे अमेरिकेत तेव्हाही होते, पण नळी यंत्रावर झालेली विकत घ्यायची, ही रीत. गस्लर यांनी नळी, कळ, दस्ता, पितळेचे भाग, अगदी स्क्रूसुद्धा जुन्या पद्धतीच्या हत्यारांनी केले. आधुनिक काळात अशी पूर्ण रायफल करणारे ते पहिले मानले जातात. १९६९ साली त्यांच्या कामावर माहितीपटही निघाला. जुन्या रायफलीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी घासून चकाकी आणलेली नसते, तिथे कानशीच्या आणि पटाशीच्या खुणा तशाच राहतात. संग्रहालयात काचेबाहेरून बघणाऱ्याला त्या दिसत नाहीत. नक्कल करायला बसलेल्याला मात्र जुनी पद्धत ओळखायला त्या वाचाव्याच लागतात.

हे मी सिंधुदुर्गातून लिहितो आहे. इथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या) बंदुका अजून बऱ्याच घरांत आहेत, निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात. आमच्या घरच्या बंदुकीची स्प्रिंग तुटली तेव्हा ज्या म्हाताऱ्याने ती मोटारीच्या स्प्रिंगच्या पाट्याच्या तुकड्यातून घडवून दिली, त्याचं पाणी देणं कुठल्याही टूलरूममध्ये खपलं असतं. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने ठासणीच्या जुन्या धाटणीच्या बंदुकांना बरीच मोकळीक आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, आणि ते मला रास्तच वाटतं. विल्यम्सबर्गसारखी आपल्याकडे एखाद्या किल्ल्यावर उघडी भट्टी मागण्याइतका मी भाबडा नाही.

पण परवान्यावर दुरुस्ती करणारे जे थोडे हात कोकणात उरले आहेत, त्यांचं काम पुरातत्त्व खात्याने निदान कॅमेऱ्यात धरून ठेवावं: स्प्रिंग कशी घडवतात, तापलेल्या लोखंडाच्या कोणत्या रंगावर पाणी देतात, दस्ता कसा बसवतात. त्याला कलम ५ आड येत नाही. ही माणसं सत्तरीच्या पुढची आहेत, तेव्हा हे याच वर्षी व्हावं.

एक निवृत्त टूलरूम फिटर,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग