औषधाची मात्रा आपल्या अंगाला बेतलेली हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२४ मे रोजी, जागतिक स्किझोफ्रेनिया दिनी, आपण या आजारावर अर्धं पान दिलंत याबद्दल मनापासून आभार. लेख कळकळीचा आहे. पण आशियाई देशांत घरच्यांचा आधार असतो म्हणून इथले रुग्ण पाश्चात्त्यांपेक्षा लवकर सावरतात, असं जे त्यात सहज म्हणून टाकलं आहे, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. धनकवडीत माझं औषधांचं दुकान आहे आणि माझा धाकटा भाऊ गेली कित्येक वर्षं याच आजारासाठी क्लोझापिन हे औषध घेतो. दिवसभर काउंटरवरून मी ही औषधं देते आणि रात्री घरी त्याच गोळ्या भावाच्या हातावर ठेवते.

लेखातल्या त्या विधानाचं मूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत ती सुरू झाली आणि भारतातलं केंद्र आग्र्याला होतं. आग्रा आणि नायजेरियातल्या इबादानचे रुग्ण लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरे राहिले असं त्यात दिसलं. तेव्हापासून हे वाक्य सगळीकडे फिरतं आहे. २००८ मध्ये निरनिराळ्या गरीब आणि मध्यम देशांतले अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा चित्र इतकं सरळ नसल्याचं पुढे आलं. त्या वादात मी शिरत नाही. आशियाई रुग्णांबद्दल याहून पक्की माहिती आज हाताशी आहे आणि ती औषधाच्या मात्रेची आहे. रुग्णाच्या घरापर्यंत मात्र ती क्वचितच पोचते.

दोन औषधं देऊनही भास आणि संशय हटत नाहीत, तेव्हा डॉक्टर क्लोझापिनकडे वळतात. याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हणून नियमित रक्त तपासायचं, एवढं बहुतेक घरांना ठाऊक असतं. पण हे औषध शरीराबाहेर टाकण्याचं काम मुख्यतः यकृतातलं सीवायपी१ए२ हे एन्झाइम करतं आणि आशियाई माणसांत ते काम संथ चालतं. म्हणून रक्तात तेवढीच पातळी यायला युरोपीय माणसाच्या साधारण निम्मी मात्रा आपल्याला पुरते. अमेरिकेच्या छापील माहितीपत्रकात पहिल्या दोन आठवड्यांत ३०० ते ४५० मिलिग्रॅमपर्यंत चढा असं लिहिलेलं आहे. २०२२ मध्ये पन्नास देशांतल्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी मिळून नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या. पाकिस्तानपासून जपानपर्यंतच्या लोकांसाठी मात्रा कमी ठेवा, सावकाश चढवा आणि सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तातलं सीआरपी (अंगात संसर्ग किंवा सूज असली की वाढणारं प्रथिन) तपासत राहा, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे.

सीआरपी कशासाठी? अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की हे एन्झाइम आणखी मंदावतं आणि नेहमीच्याच गोळीची पातळी रक्तात भलतीच वाढते. हे आम्ही घरी पाहिलं आहे. एका पावसाळ्यात भावाला सणसणून ताप आला. क्लोझापिनमुळे त्याच्या तोंडातून रात्री लाळ गळते, म्हणून उशीवर कायम जाड टॉवेल घातलेला असतो. त्या रात्री टॉवेल बदलूनही उशी भिजली आणि सकाळी त्याला उठवून बसवलं तरी मान सरळ राहीना. जीभ जड झालेली, पाय लटपटत होते. आई म्हणत होती, तापाची ग्लानी आहे, झोपू दे. डॉक्टरांना फोन केला तेव्हा त्यांनी ताप असेपर्यंत गोळी निम्म्यावर आणायला सांगितलं आणि तपासायला बोलावून घेतलं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून चहा मागायला स्वयंपाकघरात आला. आमचे डॉक्टर फोनवर भेटतात हे आमचं नशीब. ज्यांना पुढची तारीखच महिन्यानंतरची मिळते, त्यांनी काय करावं?

बिडी-सिगारेटचंही तसंच आहे. धुरातल्या घटकांमुळे हे एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे ओढणाऱ्याला जास्त मात्रा लागते. तो वॉर्डात दाखल झाला किंवा घरच्यांच्या आग्रहाने त्याने बिडी टाकली, तर आठवड्याभरात त्याच मात्रेने पातळी खूप वर जाऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे. मिश्री लावणाऱ्या किंवा तंबाखू मळणाऱ्या बाईमाणसांना तो लागू होत नाही. बिडी सुटावी असं मलाही वाटतं, पण सोडताना डॉक्टरांना आधी सांगायला हवं.

आता दुकानातली गोष्ट. एका रुग्णाचे वडील नेहमी माझ्याकडे येतात. मुलाची क्लोझापिनची महिन्याची पाकिटं पिशवीत घातली आणि जाता जाता ते म्हणाले, “ताई, सिप्रोफ्लॉक्सासिनची एक पट्टी पण द्या.” मी विचारलं, “काका, कुणासाठी?” “त्यालाच. लघवीला जळजळ होतेय. मागे मला याच गोळीनं बरं वाटलं होतं.” सिप्रोफ्लॉक्सासिन नेमकं हेच एन्झाइम अडवतं. त्यात संसर्गही अंगात असलेला. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावून दिला आणि त्यांनी मुलाला तपासून दुसरं अँटिबायोटिक लिहून दिलं. अशी मागणी कुठल्या ना कुठल्या दुकानात रोज होत असणार. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देऊ नये हा कायदा आहेच. मानसिक आजाराच्या रुग्णाबाबतीत तो आम्ही दुकानदारांनी जिवापाड पाळायला हवा.

नैराश्याच्या औषधांतही हाच प्रश्न आहे. एस्सिटालोप्राम आज सर्रास लिहिलं जातं. ते मोडणारं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम जन्मतःच जवळपास बंद असलेली माणसं युरोपीयांत शंभरात दोन ते पाच भेटतात. आशियात हे प्रमाण बरंच जास्त आहे. अशा माणसाला सुरुवातीच्या मात्रेतच मळमळ आणि अस्वस्थता झाली की घरचे म्हणतात, गोळ्या सोसत नाहीत, बंद करा. मग उपचारच सुटतो. सोसत नसेल तर मात्रा कमी करता येते किंवा औषध बदलता येतं, हे त्यांना आधीच कुणी सांगितलं तर कितीतरी जण टिकतील.

आणि वजन! याबाबतीत पुण्याने जगाला शिकवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, असं आपलं ‘थिन-फॅट’ शरीर. त्यात क्लोझापिन किंवा याच आजारावरचं ओलान्झापिन सुरू झालं की भूक खवळते, पोट सुटतं आणि साखर वाढते. दुकानात डोळ्यांदेखत हे घडताना मी पाहते: तिशीतला मुलगा, हातपाय काटकुळे, शर्टाचं पोटावरचं बटण ताणलेलं, आणि वर्षा-दोन वर्षांत ओलान्झापिनच्या जोडीला मधुमेहाच्या गोळीची चिठ्ठी. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांच्या संघटनांनी २००४ मध्येच सांगितलं होतं, की ही औषधं सुरू करण्याआधी वजन, कंबर, रक्तदाब, साखर आणि रक्तातली चरबी तपासा आणि पुढेही तपासत राहा. आपल्यासाठी तर धोक्याची रेषा आणखी अलीकडे आहे: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८०. माझ्याकडे येणाऱ्या किती घरांत मुलाची कंबर कुणी कधी मोजली असेल? मी विचारते तेव्हा बहुतेकांना प्रश्नच नवा वाटतो. क्लोझापिनची रक्तातली पातळी मोजता येते हेही फार थोड्यांना माहीत आहे.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. सरकारी ओपीडीतली गर्दी मी पाहिली आहे. एका रुग्णाला दहा मिनिटं देणंही तिथे अवघड. पण वजनकाटा आणि मोजपट्टी वापरायला डॉक्टर लागत नाही. नर्स किंवा समाजसेविका हे काम करू शकते. आपल्याच राज्यात असं काम झालेलं आहे. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरोघरी गेले आणि रुग्णांची स्थिती थोडीफार सुधारली. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत नैराश्यावर काम झालं, तेव्हा उपचार घेणाऱ्या रुग्णांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आणि तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. स्किझोफ्रेनियासारख्या आजारांच्या चारातल्या तिघांना उपचार मिळत नाहीत असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्या राज्याचं काय, हे त्यात शोधून सापडत नाही.

म्हणून आपल्यामार्फत एक जाहीर मागणी करते. पुण्यात येरवड्याचं मनोरुग्णालय आहे, ससून आणि बी. जे. मेडिकल आहे, लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय एएफएमसी आहे, ‘थिन-फॅट’ शरीराचा शोध घेणारं केईएम आहे, धायरीला रुग्णांच्या कुटुंबांसाठी काम करणारी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे. या सर्वांनी मिळून क्लोझापिन आणि ओलान्झापिन घेणाऱ्यांची एक सामाईक नोंद सुरू करावी: मात्रा किती, धूम्रपान आहे का, कंबर आणि साखर किती, क्लोझापिनची पातळी किती. मराठी माणसाला नेमकी किती मात्रा पुरते याचं उत्तर मग इथल्याच रुग्णांवरून मिळेल. माझ्याकडून ही औषधं नेणाऱ्या घरांशी मी बोलले आहे. नाव गुप्त राहणार असेल तर रक्त द्यायला त्यांतली बरीचशी तयार आहेत, आणि माझा भाऊही.

आपली,
एक औषधविक्रेती, धनकवडी, पुणे
(भावाच्या खासगीपणासाठी नाव छापू नये, ही विनंती.)