राडारोड्यालाही भाव द्या

महोदय,
विकसनशील देशांत इमारत पाडली की सळया, दारे, खिडक्या लगेच भंगारात विकल्या जातात. उरलेला राडारोडा मात्र रात्रीच्या अंधारात नाल्यात नाहीतर पाणथळ जागेत ओतला जातो. खरे तर काँक्रीट भरडून रस्त्याच्या भरावाची खडी, पेव्हर ब्लॉक बनवता येतात. घोडे अडते ते पाडतानाच. यंत्र सगळे एकत्र कालवते. जिप्सम, लाकूड, प्लास्टिक मिसळले की ढिगाची किंमत संपते. ॲस्बेस्टॉसचे पत्रे फुटले की त्याचे तंतू थेट मजुरांच्या फुप्फुसात जातात, आणि त्यांच्या तोंडाला असतो फक्त रुमाल! पाडकामाच्या परवान्यातच वर्गीकरणाची अट घाला, अनामत रक्कम घ्या. माल प्रक्रिया केंद्रात पोहोचल्याची पावती दाखवल्यावरच ती परत करा. सरकारी रस्त्यांच्या निविदांत अशी खडी सक्तीची करा.
– एक वाचक