आठ एमबी आणि बाजूची खाच

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. ऍमिगा १२०० या कमोडोर कंपनीच्या जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर पैसे घातलेस, त्याबद्दल काय बोलायचं ते बाबा बोलतील. मी आयुष्यभर पोरांना मायक्रोप्रोसेसर शिकवला, मला तर मजाच वाटली.

तू लिहितोस, ८ एमबीचं वाढीव रॅमचं कार्ड बसवलं की बाजूच्या पीसीएमसीआयए खाचेतलं (जुन्या लॅपटॉपला असायची तसली पातळ कार्डांची खाच) कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड दिसेनासं होतं. विकणाऱ्याशी भांडू नकोस, रॅमचं कार्ड धड आहे. या मशीनमध्ये मोटोरोलाचा ६८ईसी०२० प्रोसेसर आहे. मूळ ६८०२० ला ३२ ऍड्रेस लाइन्स (मेमरीतला पत्ता सांगणाऱ्या तारा), त्याच्या या स्वस्तातल्या धाकट्या भावाला २४च. म्हणजे २ चा २४ वा घात, १,६७,७७,२१६ बाइट, १६ एमबी, आणि रॅम, रॉम, खाचा सगळं त्यातच बसवायचं. तळाचे २ एमबी चिप रॅमचे, म्हणजे चित्र-आवाजाच्या चिप्सही वापरतात त्या रॅमचे. पुढचे ८ एमबी, म्हणजे २ ते १० पर्यंतचे पत्ते, वाढीव रॅमसाठी. पण कमोडोरने १९९२ साली हे मशीन काढताना त्यातलेच ६ ते १० पीसीएमसीआयएला देऊन टाकले. एकच खोली दोन भाडेकरूंना! कार्डावर ४ एमबीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असेल तर तो लाव. रॅम ६ वर थांबेल आणि खाच मोकळी होईल.

आता तू घ्यायचं म्हणतोस ते ५० मेगाहर्ट्झच्या ६८०३० चं ऍक्सिलरेटर कार्ड, म्हणजे जास्त वेगवान प्रोसेसरचं कार्ड. त्या प्रोसेसरला पूर्ण ३२ लाइन्स असतात, त्यामुळे अशा कार्डांची रॅम सहसा १६ एमबीच्या वर बसते आणि हे भांडणच मिटतं. घ्यायचंच असेल तर घे, पण गेम भन्नाट पळतील या आशेवर नको. पडद्यावरचं चित्र आणि आवाज चिप रॅममध्येच राहतात, कारण चित्र-आवाज सांभाळणाऱ्या ऍलिस, लिसा आणि पॉला या चिप्सना दुसरी रॅम दिसतच नाही. तिथे प्रोसेसर कितीही तगडा असला तरी त्याला मदरबोर्डच्या चालीनेच चालावं लागतं: सेकंदाला साधारण ७ एमबी. डेटा कॅशमध्येही (प्रोसेसर हाताशी ठेवतो त्या प्रतींमध्ये) ती रॅम ठेवता येत नाही. ऍलिसमधला ब्लिटर (चित्रांचे तुकडे इकडून तिकडे हलवणारा भाग) प्रोसेसरला न विचारता तिच्यातला मजकूर बदलतो, मग कॅशमध्ये शिळंच उरणार. फायदा दिसेल तो फाइली उलगडताना, रे ट्रेसिंगमध्ये (प्रकाशकिरणांच्या गणिताने चित्र काढताना), जिथे सगळं काम फास्ट रॅममध्ये, म्हणजे फक्त प्रोसेसर वापरतो त्या कार्डावरच्या रॅममध्ये होतं. खरं तर आत्ताच्या प्रोसेसरलाही नुसत्या फास्ट रॅमने जवळपास दुप्पट वेग येतो. म्हणून म्हणते, आधी ४ एमबीवर महिनाभर वापरून बघ.

तुझ्या मित्राच्या ऍमिगा २००० चं दुखणं निराळं वाटतं. झोरो २ (त्या मशीनच्या आतल्या कार्डांच्या खाचा) मधलं डिस्क कंट्रोलर कार्ड स्वतः डीएमए करतं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता थेट रॅममध्ये लिहितं-वाचतं, आणि त्याला २४ लाइन्सच ठाऊक. ऍक्सिलरेटरची रॅम वर असेल तर तिथे ते पोचत नाही. मित्राला डिस्कच्या पार्टिशनचं ‘मास्क’ (डीएमएने कुठल्या पत्त्यांपर्यंत जायचं ते सांगणारी सेटिंग) ००एफएफएफएफएफई आहे का ते बघायला सांग.

जंपर हलवण्याआधी विजेची वायर काढ. आणि मदरबोर्डवरच्या छोट्या गोल कपॅसिटरांचा जवळून फोटो पाठव. या मॉडेलचे ते हमखास गळतात.

तुझी,
आई