डॉक्टरांपासून लपवलेली डबी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक कर्करोग दिनाच्या निमित्तानं ४ फेब्रुवारीला आपण जवळजवळ अर्धं पान या आजाराला दिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. त्यातल्या एका लेखात ‘पर्यायी व पूरक उपचार’ हे दोन शब्द पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जोडीनंच आले आहेत. ही जोडी फोडा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. डॉक्टरांचे उपचार चालू असताना त्यांच्या सोबतीला जे घेतलं जातं ते पूरक आणि ते उपचार सोडून त्यांच्या जागी जे घेतलं जातं ते पर्यायी. वाचताना फरक एका शब्दाचा दिसतो, पण आमच्या घरात त्यानं केमोचे तीन आठवडे खाल्ले.

माझी थोरली बहीण, आमची आक्का. वय ६१. २०२३ च्या दिवाळीआधी तिच्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या आणि मग केमो सुरू झाली. आधी लाल औषधाच्या चार सायकल, नंतर दर आठवड्याची अशा बारा. लाल औषधानंतर लघवी लाल होते हे सिस्टरांनी सांगितलं होतं, तरी पहिल्या रात्री आक्का रक्त समजून रडतच बाहेर आली. केस गेले, तोंडाची चव गेली. आम्ही सगळे ‘तिला काहीतरी द्यायला हवं’ या एकाच विचारानं घेरलेले होतो. ज्याच्या घरी कॅन्सर आला आहे त्याला हे ‘काहीतरी’ म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

आठवड्याच्या केमोतली पाचवी होती. रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, जो साधारण चाळीसच्या आत असायला हवा, तो तीनशेच्या वर. केमो थांबली. काविळीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, कशात काही सापडेना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, “दुसरं काही औषध चालू आहे का?” आक्का दोन्ही वेळा नाही म्हणाली, आणि मी शेजारी उभी राहून गप्प राहिले.

तिसऱ्या आठवड्यात डे-केअरमधल्या एका सिस्टरनं तिच्या हाताची चिकटपट्टी काढता काढता सहज विचारलं, “मावशी, घरी काढा, चूर्ण, गोळ्या, काय काय घेता हो? मी रागावणार नाही. माझी आईपण घ्यायची.” आक्काचा हात आधी पिशवीवर गेला, मग तिनं माझ्याकडे पाहिलं. पिशवीत स्टीलची डबी होती. डबीत गुळवेलीच्या गोळ्या आणि वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली एक करड्या रंगाची पुडी. पुडीवर नाव नाही, तारीख नाही. ती पुडी मी आणली होती. ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवलेल्या मी, शंभर किलोमीटरवरच्या गावातल्या एका माणसाकडून, रांगेत उभं राहून.

डबी बंद झाली. महिनाभरात एसजीपीटी उतरला आणि उरलेल्या केमो पार पडल्या. पुडीत काय होतं ते कागदावर नसल्यामुळे लिव्हर गुळवेलीनं बिघडलं की पुडीनं, हे डॉक्टरांनाही ठामपणे सांगता आलं नाही. गुळवेलीबद्दल एवढं नमूद करते की, २०२० च्या शेवटच्या महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या सहा जणांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं होतं आणि त्यात वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयानं घेतला होता. तो वाद जाणकार पाहतील. आमचा प्रश्न त्याहून साधा होता. आठवड्याच्या केमोत आक्काला चढत होतं ते औषध, पॅक्लिटॅक्सेल, शरीर लिव्हरमधूनच निकालात काढतं. लिव्हर दमलेलं असेल तर औषध अंगात साठून राहतं. म्हणून लिव्हरवर दुसरं कोणतं ओझं आहे हे डॉक्टरांना कळायलाच हवं होतं, आणि ते आम्ही कळू दिलं नाही.

का लपवलं, तेही सांगते. या रुग्णालयाआधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी मत घ्यायला गेलो होतो. तिथे आक्कानं सरळ मनानं विचारलं होतं, “सोबत आयुर्वेदिक घेतलं तर चालेल का?” उत्तर मिळालं, “तेच घ्यायचं असेल तर इथे कशाला आलात?” आक्कानं विचारलं होतं पूरकाबद्दल, उत्तर मिळालं पर्यायीचं. त्या एका वाक्यानं आक्काचं तोंड मिटलं. गोळ्या मात्र चालूच राहिल्या.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांचे २०१८ सालचे दोन अभ्यास या संदर्भात मला फार महत्त्वाचे वाटतात. पहिला पर्यायी उपचारांचा. आजार दूरवर पसरलेला नसताना डॉक्टरी उपचार नाकारून केवळ पर्यायी मार्ग धरलेल्या २८१ रुग्णांचा. डॉक्टरी उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेपाच पटींहून जास्त. दुसऱ्या अभ्यासातल्या रुग्णांनी डॉक्टरी उपचार घेतले होते आणि सोबत पूरकही काही चालू होतं. फक्त डॉक्टरी उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यातही धोका दुप्पट दिसला. पण कारण शोधलं तेव्हा कळलं की यातले बरेच जण ऑपरेशनला, केमोला किंवा रेडिएशनला मधेच कुठेतरी नकार देत होते. तो नकार हिशेबात धरला की दोन गटांतला फरक उरत नव्हता. म्हणजे पूरक म्हणून घरात आलेली गोष्ट हळूहळू मुख्य उपचाराची जागा घेते, तिथे माणूस जातो. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, तंबाखूनं झालेला गालाचा कॅन्सर, ऑपरेशनची तारीख मिळालेली असताना ‘आधी दोन महिने हे करून बघू’ म्हणून थांबले. दोन महिन्यांनी ऑपरेशन करण्याजोगं काही राहिलं नव्हतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्नीच्या कॅन्सरवर लिंबूपाणी, हळद, कडुलिंब यांनी मात केल्याचं सांगितलं, तो व्हिडिओ आक्काला एका दिवसात अकरा जणांनी पाठवला. त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन झालं होतं, केमोही झाली होती, हे मात्र त्या अकरांपैकी एकानंही लिहिलं नाही. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ डॉक्टरांना सही करून निवेदन काढावं लागलं की या गोष्टींनी कॅन्सर बरा होतो याला पुरावा नाही, उपचार लांबवू नका. नंतर सिद्धूंनीही तो आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानंच होता, असा खुलासा केला. खुलाशाचा व्हिडिओ आम्हाला कुणीही पाठवला नाही.

हे वाचून मी पूरक उपचारांच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. खरं तर उलट आहे. आक्का उभी राहिली त्यात या उपचारांचा वाटा मोठा आहे. फक्त ते उघडपणे, डॉक्टरांना सांगून झाले.

लाल औषधाच्या दिवसांत तिला अन्नाच्या वासानंही ढवळायचं. मळमळीच्या गोळ्या होत्याच. त्यांच्या जोडीला सिस्टरनं आलं थोड्या प्रमाणात घ्यायला सांगितलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं सोडून, दोन शिरांच्या मधे दाबायची जागा दाखवली. बसमध्ये दोन तास आक्का तिथे अंगठा रोवून बसायची. आल्याची चाचणी केमोच्या रुग्णांवर झालेली आहे, त्यात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅमनं फरक पडला होता. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभर सुंठ. जास्त घेतलं की जास्त गुण येईल, हे आपल्या डोक्यातलं गणित इथे चालत नाही.

हाताची गोष्ट तर प्रत्येक घरानं वाचावी अशी आहे. काखेतल्या गाठी काढल्या की त्या बाजूच्या हातावर सूज येऊ शकते. आक्काला आली. आमच्याकडे रेडिएशनलाही ‘शेक’च म्हणतात, त्यामुळे शेजारच्या काकूंना वाटलं की दवाखान्यात शेक देतात तर घरीही द्यावा. तीळतेल गरम करून रगडून मालीश आणि वर गरम पाण्याची पिशवी, असा बेत ठरला. नशिबानं या वेळी आम्ही आधी विचारलं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं, या हाताला उष्णता नको आणि जोरानं रगडणं तर मुळीच नको. मग त्यांनी पिसानं हात फिरवावा इतक्या हलक्या हातानं, बोटांकडून खांद्याकडे करायचं मालीश शिकवलं आणि पट्टी बांधायला शिकवली. म्हणजे मालीश होतंच, फक्त करण्याची रीत नेमकी उलटी होती.

योगासनांचंही तसंच. टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ च्या अखेरीस मांडले, त्यात योग करणाऱ्या गटाला फायदा दिसला. पण दोन्ही गटांतल्या बायकांचे नेहमीचे उपचार चालूच होते, योग त्यांच्या जोडीला होता. बातम्यांच्या मथळ्यांत हे येत नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८८९ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२५ मध्ये आला. त्यात ऑपरेशन आणि केमो पूर्ण झाल्यावर तीन वर्षं शिस्तीनं व्यायाम करून घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी कमी झाला. आक्का आता लेट्रोझोलवर, म्हणजे स्तनाचा कॅन्सर परतू नये म्हणून घ्यायच्या हार्मोनच्या गोळीवर आहे, त्या गोळीनं सांधे आखडतात. सकाळी भाकरी थापायला हात उघडत नाही. म्हणून ती पहाटे गच्चीवर चाळीस फेऱ्या मारते, प्रत्येक फेरीला अभंगाचं एक चरण.

‘झाडपाल्याचं आहे, अपाय काय होणार?’ असं विचारणाऱ्यांना मी अंगणातली सदाफुली दाखवते. १९५०च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी ती मधुमेहावर चालते का हे पाहायला तिचा अर्क उंदरांना टोचला. साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घसरल्या. त्यातूनच विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन ही औषधं आली. विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, मिलिग्रॅममध्ये मोजून. अपाय करण्याची ताकद आहे म्हणूनच गुणाचीही ताकद आहे. हळदीचंही असंच: भाजीतली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घातलेली हळदीची कॅप्सूल वेगळी. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध घेणाऱ्या रुग्णांत अशा कॅप्सूलमुळे औषधाचा गुणकारी अंश रक्तात कमी झाल्याचं नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात दिसलं आहे.

म्हणून माझी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. केसपेपरवर तंबाखू-दारूची रेघ असते तशी ‘घरी आणखी काय घेता’ याचीही एक रेघ असू द्या, आणि विचारताना आवाज त्या सिस्टरसारखा ठेवा. रुग्ण नाही म्हणाला तर पुन्हा विचारा, तोपर्यंत नातेवाइकाच्या चेहऱ्याकडे पाहा. आणि नातेवाइकांनो, डबी घरी ठेवून जाऊ नका. जी गोष्ट डॉक्टरांना दाखवायची लाज वाटते, ती आपल्या माणसाच्या पोटात घालू नका.

संपादक महोदय, एक विनंती आपल्यालाही आहे. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी कर्करोग दिनाच्याच आठवड्यात आपल्या छोट्या जाहिरातींत ‘कॅन्सरवर खात्रीशीर इलाज’ असा चौकोन आणि खाली मोबाइल नंबर होता. मी ती पुडी आणायला गेले होते ते अशाच एका चौकोनावरून. कृपया तो चौकोन घेऊ नका.

आक्कानं आता एक वही केली आहे. खायची प्रत्येक गोष्ट, किती, कधीपासून, कुणी दिली, असे चार रकाने. मागच्या तपासणीला डॉक्टरांनी त्यातली एक ओळ खोडली आणि दोन राहू दिल्या. आपल्या वाचकांसाठी छापायचा असेल तर त्या कोऱ्या पानाचा नमुना मी पाठवू शकते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सातारा