आईसाठी धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

आमची आई, पोरांची आजी, गेल्या आठवड्यात कराडमध्ये आम्हाला सोडून देवाघरी गेली. मदतीला आलेल्या कितीतरी जणांची नावंही माहीत नाहीत, म्हणून इथेच लिहितेय.

नेत्रदान करायचं हे तिने कधीचंच सांगून ठेवलेलं, पण ते ६ तासांच्या आत व्हावं लागतं आणि आम्हाला रडण्यापुढे काही सुचत नव्हतं, तेव्हा पलीकडच्या बिल्डिंगमधल्या एका ताईंनी स्वतः फोन लावले, पंखा बंद केला, आईच्या डोक्याखाली उशी दिली, मिटलेल्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला, आणि टीम भर पावसात वेळेत पोचली. ताई, तिची शेवटची इच्छा तुमच्यामुळे पूर्ण झाली.

अस्थी घेऊन प्रीतिसंगमावर गेलो तर कृष्णा-कोयना दोन्हीला पाणी वाढलेलं, पायऱ्या निसरड्या, तिथल्या एका दादांनी भावाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, पैसेही घेतले नाहीत.

आई आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच राबली. पहाटे उठून भाकऱ्या थापायची, प्रत्येक नातवंडाला स्वतःच्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून दिली, धाकटीची तर बारीक टाक्यांची, हात थरथरत असताना शिवलेली, धाकटी आता ती वाकळ अंगावरून काढतच नाही.

आणि सुतकात ज्यांनी पिठलं-भाकरीचे डबे दारात ठेवले त्यांचे तर किती आभार मानू. डबे घासून ठेवलेत, घरी या, चहा घेऊन जा.