बाहेरून आणलेल्या आठ माद्या

फ्लोरिडा, अमेरिका

तीर्थरूप बाबांस सा. न.

विष्ठा गोळा करून वन्यप्राणी कसे वाचणार, हा तुमचा प्रश्न थट्टेत विचारलेला असला तरी रास्त आहे. विष्ठेच्या वरच्या थराला जनावराच्या आतड्यातील पेशी चिकटलेल्या असतात. म्हणून नमुना आतून न घेता वरूनच हलक्या हाताने खरवडून घ्यावा लागतो, तोही ऊन-पावसाने डीएनए खराब होण्याआधी. तेवढ्यावरून जनावर नर की मादी, आधी नोंदलेले की नवे, आणि त्याचे आईबाप जवळच्या नात्यातले असावेत का, हे त्याला न पकडता कळू शकते.

यातली शेवटची गोष्ट नुसत्या शिरगणतीतून कळत नाही. इथल्या फ्लोरिडा पँथरची, म्हणजे प्यूमा या मोठ्या रानमांजराची, संख्या १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला २० ते ३० वर आली होती. नात्यातल्या नात्यात प्रजनन होऊन शेपट्या टोकाशी वाकड्या झाल्या, कित्येक नरांचे वृषण खाली उतरेनात, काहींच्या हृदयाला छिद्र आढळे. शिकारीवर बंदी असूनही संख्या सावरत नव्हती. अखेर १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ प्यूमा माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाचजणींना पिल्ले झाली, ती अधिक तगली, आणि टेक्सासचाच वंश वरचढ होऊ नये म्हणून त्या आठांपैकी जिवंत उरलेल्या माद्या पुढे काढून घेण्यात आल्या. आता प्रौढ व तरुण पँथर मिळून १२० ते २३० असल्याचा सरकारी अंदाज आहे.

स्थानिक वाण बाटेल, हा त्या वेळचा आक्षेप मला फारसा पटत नाही, कारण पूर्वी या दोन्हीकडच्या प्यूमांमध्ये संकर होतच असे. तो संबंध माणसाने तोडला. मात्र कुठलेही जनावर कुठेही नेऊन सोडता येत नाही. युरोपातील तात्रा पर्वतात आयबेक्स या रानबकऱ्यांच्या कळपात तुर्कस्तान आणि सिनाईकडील बकरे मिसळले, तेव्हा संकरित माद्या लवकर माजावर येऊन ऐन फेब्रुवारीच्या थंडीत विऊ लागल्या आणि तो कळपच संपला.

फ्लोरिडातही काम संपलेले नाही. पँथरच्या नोंदलेल्या मृत्यूंमध्ये वाहनांच्या धडकेचे प्रमाण सर्वाधिक आहे, आणि कलूसाहाची नदीपलीकडे उत्तरेला माद्या पुरेशा स्थिरावल्या नाहीत, तर दक्षिणेत कोंडलेल्या पँथरांत पुन्हा नात्यातले प्रजनन वाढून बाहेरच्या माद्या परत आणाव्या लागतील. त्यामुळे रस्त्याखालून जनावरांसाठी भुयारी वाटा कुठे हव्यात, या चर्चेत विष्ठेच्या नमुन्यांवरून केलेला जनुकीय अहवालही विचारात घेतला जावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आईस नमस्कार.

तुमची लेक